दख्खनचा यूसुफ : मलिक अंबर

रबीउल्अव्वल महिना उजाडला, की फुलंब्री परिसरातील गावागावांतून खुलताबादची वाट वाहू लागते. हजरत जर जरी जर बक्ष यांच्या उरुसास जाणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. नवस फेडावा, रेवड्या घ्याव्यात, मुलांना पाळण्यात बसवावे आणि सायंकाळी परतावे, असा हा शतकांचा परिपाठ आहे. या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर दगडी घुमटाखाली एक पुरुष चारशे वर्षे विसावला आहे. त्याच्याकडे वळणारी पावले मात्र मोजकीच. उरुसाच्या निमित्ताने आज आम्ही वाचकांस त्या कबरीपाशी घेऊन जाणार आहोत.

तत्पूर्वी एका जुन्या कथेचे स्मरण करून देणे आवश्यक वाटते. यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान या तिन्ही परंपरांना ती सारखीच प्रिय आहे. याकूबाचा लाडका पुत्र यूसुफ याला सावत्र भावांनी मत्सराने विहिरीत टाकले आणि नंतर तो व्यापाऱ्यांच्या हाती गेला. बायबलमध्ये त्याची किंमत चांदीची वीस नाणी सांगितली आहे, तर कुराणात अवघे काही दिरहम. हा विकत घेतलेला मुलगा पुढे मिसर देशाचा वजीर झाला. राजाने त्याला मिसरी नाव दिले आणि तेथील पुरोहिताची कन्या दिली. दुष्काळात साऱ्या देशाची कोठारे त्याच्या हाती आली. तरीही बायबलकार एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवतात. भाऊ भेटीस आले, तेव्हा जेवणाची पाने वेगवेगळी मांडावी लागली, कारण इब्री लोकांबरोबर अन्न घेणे मिसरी लोकांना निषिद्ध होते. मेंढपाळांचा तर त्यांना विटाळच वाटे. वजिराला मान होता, पण त्याच्या जमातीला नव्हता. यूसुफाला न ओळखणारा राजा गादीवर येताच ती जमात विटा थापण्याच्या कामाला जुंपली गेली.

परक्या देशात विकत आणलेल्या माणसाचा दर्जा नेमका कोणता, हा प्रश्न नाईल नदीच्या काठीच उरला नाही. आपल्या या पठारावरही तो उभा राहिला होता.

मलिक अंबर याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. त्या काळी तांबड्या समुद्रावरील बंदरांतून हिंदुस्थानचे कापड आफ्रिकेत उतरे आणि परतीच्या व्यापारात माणसे विकली जात. चापूही असाच विकला गेला. मोखा बंदरातून तो बगदादेस पोहोचला आणि मीर कासीम नावाच्या धन्याच्या पदरी पडला. या धन्याने पोराची कुशाग्र बुद्धी हेरून त्याला लिहावयास-वाचावयास व हिशेब ठेवावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव. गुलामांना सुवासिक वस्तूंची आणि रत्नांची नावे ठेवण्याची तेव्हा रीतच होती. माणूस स्वस्त आणि नाव महाग, असा तो विचित्र व्यवहार.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पेशवा हे पद आमच्या वाचकांस पुण्याच्या भट घराण्यामुळे परिचित आहे, परंतु निजामशाहीत त्याच्या कितीतरी आधीपासून मुख्य प्रधानास हेच नाव होते. आता नवल असे, की हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. म्हणजे विकला गेलेला एक माणूस हजार विकल्या गेलेल्यांचा धनी झाला होता.

या हबश्यांचा दर्जा समजून घेतल्याविना अंबराचे चरित्र उमगत नाही. घरकामाला जुंपलेले गुलाम ते नव्हेत. ते लढवय्ये होते. दरबारात एकीकडे इराण-तुराणातून आलेले परदेशी उमराव होते आणि दुसरीकडे येथे मुरलेले दख्खनी होते. या दोन पक्षांच्या झगड्यात सुलतानाला अशी माणसे हवी असत, की ज्यांना या भूमीत ना भाऊ, ना भावकी, ना वतन. ज्याचे कोणीच नाही, तो धन्याशी इमान राखतो, हा त्यामागील हिशेब. धनी मेला की असा शिपाई सहसा मोकळा होई आणि आपल्या तलवारीच्या बळावर नवी चाकरी शोधी. इब्री लोक मिसरात कुळासह आले आणि गोशेन प्रांतात आपली वस्ती करून वेगळे राहिले. हबशी एकेकटे आले. त्यांना वेगळे राहण्याजोगे कुळच नव्हते, म्हणून त्यांची मुलेबाळे येथल्याच मातीत मिसळून दख्खनी झाली.

चंगेजखानाला लवकरच त्याच्याच सुलतानाच्या आज्ञेने विष देण्यात आले. त्याच्या विधवेने अंबरास मुक्त केले. पुढील वीस वर्षे हा मोकळा झालेला शिपाई चाकरी शोधीत फिरला. विजापूरकरांकडे असताना त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरास परतला आणि आभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली लढू लागला. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. राजघराणे कैद झाले आणि निजामशाही संपली असे सर्वांनी मानले.

अंबराने मानले नाही. त्याने राजवंशातील एक तरुण शोधून परंड्यास त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि स्वतःची कन्या त्याला दिली. राज्याचा खरा धनी आता तोच होता. १६०७ मध्ये जुन्नर ही राजधानी झाली, १६१० मध्ये दौलताबाद.

याच सुमारास घडलेली घटना आम्हांस त्याच्या साऱ्या लढायांहून बोलकी वाटते. १६१७ मध्ये अंबराच्या छावणीस भेट देणारा डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूके याने ती लिहून ठेवली आहे. मुर्तजाची दुसरी राणी इराणी वंशाची, गोऱ्या वर्णाची होती. सवतींच्या भांडणात तिने अंबराच्या कन्येस गुलामाची काळी पोर म्हणून हिणविले आणि तिच्या बापाचाही उपमर्द केला. वास्तविक राज्य त्या बापाच्या तलवारीवर उभे होते. राणीच्या अंगावरील दागिनाही त्याच्याच बळावर शाबूत होता. पण जनानखान्यात ही गोष्ट मोजण्यात आली नाही. कन्येने बापास कळविले आणि अंबराने राणी व सुलतान या दोघांनाही विष देवविले. मुर्तजाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसविण्यात आला.

हे कृत्य झाकण्याची आमची इच्छा नाही. ज्या विषाने त्याचा पहिला दख्खनी धनी मेला होता, तेच अंबराने आपल्या जावयास पाजले. मात्र साठी ओलांडलेल्या, सर्वसत्ताधीश पेशव्याच्या मनात बाजारात विकला गेलेला चापू अजून जिवंत होता, हेही त्यातून दिसते. बादशहा जहांगीरसुद्धा आपल्या आठवणींत त्याच्या वर्णावरून त्याला हिणवितो. शत्रू हाती लागत नाही, तेव्हा त्याच्या भाल्यावर टांगलेल्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत, असे चित्र त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढवून घेतले. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ते मस्तक प्रत्यक्षात मोगलांच्या हाती कधीच लागले नाही.

लागले नाही, याचे श्रेय मराठ्यांसही आहे. हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडावी, रात्री छापा घालावा आणि डोंगरात नाहीसे व्हावे, हे बारगिरीचे तंत्र अंबराने मराठा स्वारांच्या बळावर वाढविले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावी तो हरला, आणि मोगलांनी त्याचे खडकी शहर जाळले. तो खचला नाही. १६२४ मध्ये भातवडीस मोगल व आदिलशाही यांच्या एकवट फौजेची त्याने दाणादाण उडविली. शहाजीराजे तेथे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१० मध्ये अंबराने ते वसविले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही तेथील पुऱ्यांची नावे मराठा सरदारांवरून पडली. फुलंब्रीहून शहराकडे जाताना चौक्याचा घाट उतरून सावंगीमार्गे आपण हर्सूलला येतो. त्याच परिसरातून नहर-ए-अंबरीने डोंगरातील झिरप गोळा करून केवळ उताराच्या जोरावर, जमिनीखालून, शहरात नेली. ठिकठिकाणी उसासे ठेवून हवेचा दाब सांभाळला. पोहरा नाही, मोट नाही, तरी हौद भरलेले. आमच्या मते त्याच्या कोणत्याही विजयाहून हे काम थोर आहे.

दुसरे तसेच काम जमीनमहसुलाचे. गावे मक्त्याने देण्याची इजाऱ्याची पद्धत त्याने बंद केली, जमिनीची प्रत पाहून धारा ठरविला आणि प्रारंभी प्रत्यक्ष पिकाचे दोन पंचमांश घेतले. पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. यूसुफाने मिसरात एक पंचमांशच घेतला, असे कोणी म्हणेल. पण बायबलच्या कथेप्रमाणे त्याने धान्याच्या बदल्यात रयतेची गुरे घेतली, मग जमिनी घेतल्या आणि शेवटी रयतच राजाची गुलाम झाली. अंबराने कुणब्याचा मिरासी हक्क राखला. स्वतः विकला गेलेल्या या माणसाने जमीन कसणाऱ्यास विकावयास लावले नाही. मलिकंबरी धारा हा शब्द त्याच्यानंतरही दीर्घकाळ मराठी दप्तरांत नांदला.

१४ मे १६२६ रोजी, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन, तो वारला. त्याच्या दरबारी इतिहासकारांनी केली नसेल अशी त्याची प्रशंसा मोगल इतिहासकार मुतमदखान याने केली. पुत्र फत्तेखान पेशवा झाला, खडकीचे नाव काही काळ फत्तेनगर झाले. परंतु बापाची धमक मुलात नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले.

यूसुफाने मरताना आपल्या अस्थी मिसरातून पूर्वजांच्या देशी नेण्याची शपथ भावांकडून घेतली होती आणि मूसाने ती पाळली, असे ग्रंथ सांगतात. अंबराला शपथ घालण्यास भाऊ नव्हते, आणि परत नेण्यास देशही उरला नव्हता. त्याने खुलताबादची माती पत्करली. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. उरुसास जाणाऱ्यांनी दर्ग्यात फुले वाहून झाल्यावर ओंजळीत चार उरली असतील, तर तिकडेही वळावे. वाट फार लांबची नाही.