भिक्खू युआन श्वांग : आपल्या देशाचा साक्षीदार

सोनगीरच्या किल्ल्यावर उभे राहिले की पायथ्याशी मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. दक्षिणेला तो धुळ्याकडे जातो. उत्तरेला नरडाणा मागे टाकून तापी ओलांडतो आणि शिरपूरवरून सातपुड्यात शिरतो. आमच्या गावच्या तांबट-कासारांनी घडविलेली तांब्या-पितळेची भांडी याच रस्त्याने दूरच्या बाजारांत गेली. आमच्या वसतिगृहातील मुलेही याच रस्त्याने आली, शिकली आणि पुढे गेली. ज्ञानासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच या प्रसंगी, ज्ञानासाठी हजारो कोस चाललेल्या एका भिक्खूंचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले. शाळेच्या पुस्तकांत ते ह्यु-एन-त्संग किंवा युआन श्वांग या नावांनी भेटतात. परंतु परीक्षेपुरते भेटतात आणि परीक्षेबरोबर विसरले जातात. आपण त्यांचे किती ऋणी आहोत हे ध्यानात आले, तर ते विसरणे जमणार नाही.

युआन श्वांग यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग नगराजवळ झाला. घराणे विद्वानांचे होते. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडील लवकर वारले. एक वडीलभाऊ भिक्खू होते. त्यांनी या पोरक्या भावाला विहारात आपल्याजवळ ठेवून घेतले. म्हणजे वसतिगृहातील मुलाचेच हे जीवन होते. श्रामणेरांची निवड करण्यासाठी राजाचा अधिकारी आला, तेव्हा वय कमी म्हणून हा मुलगा दाराशीच उभा राहिला. अधिकाऱ्याने त्याची विचारपूस केली आणि त्याचे उत्तर ऐकून नियम बाजूला ठेवला. तेराव्या वर्षी मुलगा श्रामणेर झाला. पुढे राजवट कोसळली, दुष्काळ आणि लुटालूट सुरू झाली. दोघे भाऊ जीव वाचवीत दूरच्या चेंगडू नगरात गेले. तेथे विसाव्या वर्षी युआन श्वांग यांना उपसंपदा मिळाली.

ते अनेक आचार्यांपाशी शिकले. पण जितके शिकावे तितक्या शंका वाढत गेल्या. एकाच सूत्राची दोन भाषांतरे दोन अर्थ सांगत. आचार्यांचेही एकमत होईना. अशा वेळी बहुतेक माणसे आपल्या गुरूचे ते खरे मानून स्वस्थ बसतात. युआन श्वांग यांनी निराळा निश्चय केला : जेथे तथागतांनी उपदेश केला त्या देशी जावे, तेथील भाषा शिकावी आणि मूळ ग्रंथ स्वतः वाचावेत. बुद्धाने माणसाला पारखून घ्यावयास शिकविले. त्या शिकवणीचे हे सरळ आचरण होते.

परंतु देशाची सीमा ओलांडण्यास सम्राटाची बंदी होती. परवानगीसाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. इ.स. ६२९ च्या सुमारास ते गुपचूप निघाले. दिवसा लपावे, रात्री चालावे, असा क्रम होता. सोबतच्या वाटाड्याचे मन फिरले आणि तो परत गेला. पुढे गोबीच्या वाळवंटात ते एकटे, एका म्हाताऱ्या घोड्यासह राहिले. तेथे पाण्याची पखाल हातातून निसटली व सगळे पाणी वाळूत गेले. त्यांनी घोडा परत वळविला आणि काही अंतर मागेही गेले. मग भारत गाठल्यावाचून पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, ही आपली प्रतिज्ञा त्यांना आठवली. पुन्हा पश्चिमेकडे तोंड केले. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. शेवटी त्या घोड्यानेच वास घेत पाण्याचा साठा शोधून काढला. मोठ्या माणसांच्या चरित्रात माघारीचे पाऊल सहसा सांगितले जात नाही. या चरित्रात ते आहे, म्हणून हा माणूस आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

तुरफानच्या राजाची श्रद्धा एवढी, की तो त्यांना सोडावयास तयार होईना. भिक्खूंनी अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा राजा नमला आणि त्याने वाटेतील राजांच्या नावे पत्रे व शिधा देऊन निरोप दिला. बर्फाच्या पर्वतात सोबतचे कित्येक लोक गारठून मेले. समरकंद आणि बाल्ख मागे टाकून ते बामियानला पोहोचले. तेथे डोंगराच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती त्यांनी पाहिल्या आणि त्यांची नोंद केली. त्या मूर्ती २००१ साली सुरुंग लावून उडविण्यात आल्या. त्यांची नोंद मात्र कोणाला उडविता आली नाही.

भारतात त्यांनी काय पाहिले? गांधारातील विहार ओस पडले होते. श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर ही नगरे मोडकळीस आली होती. काश्मीरमध्ये दोन वर्षे राहून त्यांनी अध्ययन केले. गंगेवर प्रवास करीत असता लुटारूंनी त्यांना धरले आणि दुर्गेला बळी देण्याचे ठरविले. एवढ्यात वादळ उठले. लुटारू घाबरले आणि त्यांनी त्यांना सोडून दिले. बोधगयेला बोधिवृक्षाखाली ते भूमीवर लोळण घेऊन रडले. तथागतांच्या काळात आपला जन्म झाला नाही, याचे त्यांना दुःख होते.

तेथून ते नालंदेला गेले. तेथील द्वारपालच विद्वान असे. तो प्रश्न विचारी, आणि दहांतले दोघे-तिघेच आत जात. जवळपास शंभर गावांचे उत्पन्न या विद्यापीठाकडे लावून दिलेले होते, त्यामुळे विद्यार्थ्याला अन्नवस्त्राची भ्रांत नसे. गावांनी धान्य द्यावे आणि विहाराने विद्या द्यावी, अशी ती व्यवस्था होती. अतिवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणी बसून युआन श्वांग यांनी योगाचार, न्याय आणि व्याकरण यांचा सर्व मिळून सुमारे पाच वर्षे अभ्यास केला.

तरीही त्यांचे डोळे केवळ पोथीत नव्हते. येथील माणसे जेवणापूर्वी हातपाय धुतात, उष्टे अन्न पुन्हा वाढीत नाहीत, मातीची व लाकडाची भांडी वापरून टाकून देतात, तांब्या-लोखंडाची भांडी घासून लख्ख करतात, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. पिके कोणती, फळे कोणती, शेतसारा किती, न्याय कसा होतो, भाषा कोठे शुद्ध बोलतात, हेही लिहिले. लोक सरळ आणि शब्दाला जागणारे आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता.

आणि त्याच लेखणीने त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली. खाटीक, कोळी, नट, मारेकरी आणि भंगी यांची घरे वेगळ्या खुणेने ओळखू येतात. त्यांना नगराबाहेर राहावे लागते. वस्तीत येजा करताना ही माणसे रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालतात. राजसभेत मानाचे आसन मिळालेल्या या पाहुण्याला गावकुसाबाहेरची घरे न पाहता पुढे जाता आले असते. त्यांच्या यजमानांना त्या घरांविषयी बोलण्यासारखे काही वाटत नसावे. परंतु त्यांनी ती घरे पाहिली आणि कागदावर उतरविली. आमच्या मते त्यांच्या प्रवासातील ही सर्वांत मोलाची नोंद आहे. तिचे मोल पुढे कोणी जाणले, ते शेवटी सांगू.

दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन, इ.स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तेव्हा राज्य करीत होता. उत्तरेचा सम्राट हर्ष त्याला जिंकू शकला नव्हता. येथील माणसे उंच, मानी आणि साधी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, शत्रूवर चालून जाण्याआधी त्याला सूचना देतात, असे त्यांनी लिहिले आहे. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू या भूमीत होते. राज्याच्या पूर्व सीमेवर, डोंगराच्या अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचे वर्णन त्यांच्या ग्रंथात आहे. भिंतींवर बोधिसत्त्वाच्या जीवनातील प्रसंग, आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. अचल नावाच्या अर्हताने आईच्या उपकारांची फेड म्हणून तो विहार उभारला, अशी कथाही तेथे दिली आहे. अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही उभे आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे. जळगावहून अजिंठ्याला सहलीला गेलेल्या आमच्या मुलांनी त्या हत्तींच्या पाठीवर हात फिरविला असेल. या पाहुण्याची आठवण किती जणांना झाली असेल?

महाराष्ट्रातून निघून नर्मदा ओलांडून ते भरुकच्छाला, म्हणजे आजच्या भडोचला गेले. दक्षिणेकडून नर्मदेकडे जाणाऱ्याला आधी तापी उतरावीच लागते. आपल्या तापीचे पाणी त्यांच्याही पायांना लागले असले पाहिजे.

माळवा, वलभी, सिंध असा फेरा करून ते नालंदेला परतले. हर्षाने कनौजला मोठी धर्मसभा भरवून त्यांचा गौरव केला. इ.स. ६४३ मध्ये ते मायदेशी निघाले. सिंधू नदी ओलांडताना वादळात नाव कलंडली आणि काही पोथ्या वाहून गेल्या. इ.स. ६४५ मध्ये ते छांगआन या राजधानीत पोहोचले, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. चोरून गेलेल्या या माणसाच्या स्वागताला सारे नगर लोटले. सम्राटाने राज्यकारभारात पद देऊ केले. ते त्यांनी नम्रपणे नाकारले, आणि सम्राटाच्या इच्छेवरून पाहिलेल्या-ऐकलेल्या देशांचा वृत्तान्त मात्र ६४६ मध्ये पूर्ण करून दिला. उरलेले आयुष्य भाषांतरात गेले. सुमारे एकोणीस वर्षांत त्यांनी ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. भारतातील मित्रांशी पत्रव्यवहार चालू राहिला. महाबोधी विहारातून एका स्थविरांनी पत्रासोबत पांढऱ्या कापडाचे दोन ठाण पाठविले. युआन श्वांग यांनी उत्तरात आचार्य शीलभद्रांच्या निधनाचा शोक व्यक्त केला आणि सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी देऊन त्यांच्या प्रती मागितल्या. इ.स. ६६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर भारताने काय केले? नालंदा जळली, अजिंठा रानात बुडाला, तथागतांच्या जन्मभूमीला तथागतांचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकात ज्युलियाँ या फ्रेंच पंडिताने युआन श्वांग यांच्या वृत्तान्ताचे भाषांतर केले. त्यातील दिशा आणि अंतरे हाती धरून अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी बिहार आणि उत्तर प्रदेशातील ढिगारे तपासले. बडगावजवळचे ढिगारे नालंदेचे आणि सहेत-महेतचे श्रावस्तीचे, हे तेव्हा निश्चित झाले. ऐकीव चमत्कारही त्या वृत्तान्तात आहेत. ते बाजूला ठेवून वाचावे लागते. परंतु जेथे त्यांनी पावले मोजून लिहिले, तेथे कुदळीला भिंती लागल्या.

आणि ती गावकुसाबाहेरची नोंद? १९४८ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्यता अनादी नाही, ती इतिहासाच्या एका टप्प्यावर जन्मली, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी त्यांनी फाहियान आणि युआन श्वांग या दोन्ही चिनी प्रवाशांची साक्ष काढून तपासली. इ.स. २०० पर्यंत अस्पृश्यता नव्हती आणि ६०० पर्यंत ती आलेली होती, अशी मर्यादा बाबासाहेबांनी आखली. तिच्या अलीकडच्या टोकाला युआन श्वांग यांची नोंद उभी आहे. जे जन्मले त्याचा अंतही होऊ शकतो. रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालणाऱ्यांची ती ओळ तेराशे वर्षे एका ग्रंथात वाट पाहत राहिली, आणि अखेर त्याच माणसांच्या वारसाच्या हाती पुरावा म्हणून आली.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना यातून एकच विनंती करावीशी वाटते. आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले गाव, त्यांची पाण्याची वाट, त्यांनी सोडलेली आणि स्वीकारलेली वस्ती, धम्मदीक्षेनंतर घरात झालेला बदल, हे सारे अजून पुष्कळ घरांत आठवणीतच आहे. आठवण माणसाबरोबर जाते, लिहिलेले राहते. एका परदेशी भिक्खूंनी आपली घरे पाहिली आणि लिहून ठेवली. आता लेखणी आपल्या हाती आहे. गौरवाचे लिहावे, दुःखाचेही लिहावे, आणि जसे होते तसेच लिहावे. या भिक्खूंच्या ऋणाची काही फेड करावयाची असेल, तर ती याच मार्गाने होईल.