कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या.

जीवन

त्यांचा जन्म पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे व डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले, सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून एम.एस्‌सी. पदवी मिळवली आणि १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रि. रणदिवे यांच्याशी विवाह केला.

संशोधन

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या व परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या.

उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. गाठ एका अवयवात दिसत असली, तरी रोगाचा संबंध सबंध शरीराशी असतो. त्याची दुसरी बाजू म्हणजे रुग्णाची झीज. कर्करोगपेशी भरपूर ग्लुकोज वापरून लॅक्टेट बनवतात. त्याचे पुन्हा ग्लुकोज करण्यात यकृताची ऊर्जा खर्च होते. दाहकारक प्रथिनांमुळे भूक मंदावते, स्नायू व चरबी घटते. ही अवस्था कॅकेक्सिया म्हणून ओळखली जाते. रणदिवे यांचा भर मात्र झिजेपेक्षा रोगाच्या उगमावर राहिला. काचपात्रातील पेशींना भूक नसते, स्नायूही नसतात. त्यामुळे असे प्रश्न केवळ ऊतिसंवर्धनाने सुटणारे नव्हते.

कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

उत्तरकाळ

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास केला. ही झीज वेगळ्या प्रकारची होती. उपासमारीत शरीर आपला ऊर्जाखर्च कमी करते आणि योग्य आहार मिळाल्यावर बहुधा भरून येते. कॅकेक्सियात केवळ आहार वाढवून गेलेले स्नायू परत मिळत नाहीत.