बदलीची ऑर्डर आणि रमाबाईंची पाटी

आपला तालुका केळापूर, पण कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्याला. केळापूर म्हटलं की जगदंबेचं देऊळ डोळ्यांसमोर येतं आणि पांढरकवडा म्हटलं की नोकरदार माणसाला बदली आठवते. शुक्रवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर उभ्या राहून बघा. खांद्याला बॅग, हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी घेतलेले किती तरी पुरुष नागपूर, यवतमाळ, अमरावतीच्या गाडीची वाट बघत असतात. २०२० साली पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून शनिवार तेवढा घरचा मिळतो. बायको-मुलं तिकडे, साहेब इकडे खोली करून, डबा लावून.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींचं तीन वर्षं हेच चाललंय. नवऱ्याच्या बदलीच्या गावी जावं, की सासू-सासरे आणि मुलांच्या शाळा सांभाळत घरीच राहावं? दर उन्हाळ्यात हा प्रश्न निघतो आणि शाळा सुरू झाल्या की बारगळतो. त्या बोलायला लागल्या की मला रमाबाई रानडे आठवतात. त्यांच्यावरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ मध्ये लागायची, तेव्हा आपण सगळ्यांनी स्वयंपाक लवकर उरकून पाहिली होती. पण रमाबाईंच्या आयुष्यात सरकारी बदलीने काय उलथापालथ केली, हे मालिका बघताना माझ्या फारसं लक्षात आलं नव्हतं.

रमाबाई म्हणजे माहेरची यमुना कुर्लेकर. जन्म २५ जानेवारी १८६२, गाव देवराष्ट्रे, आताच्या सांगली जिल्ह्यातलं. अकरा वर्षांची असताना, १८७३ मध्ये तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. ते एकतीस वर्षांचे, पुण्याला न्यायाधीश, पहिली बायको नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा कैवार घेणारा हा माणूस स्वतः विधवेशी लग्न करील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला आणि रानड्यांनी मान तुकवली. यावरून लोकांनी त्यांना फार बोल लावले, आणि ते मला तरी चुकीचं वाटत नाही.

मुलीला अक्षर येत नव्हतं. रानड्यांनी लगेच पाटी हातात दिली. रात्री ते शिकवायचे, पुढे शिकवायला बाईही येऊ लागल्या. पण सकाळी जेवून रानडे कोर्टात गेले की संध्याकाळपर्यंत रमा आणि घरातल्या बायका! सासूबाई, नणंद दुर्गाताई, नात्यातल्या आणखी कितीजणी. मराठी वाचण्यापर्यंत कसंबसं चाललं. इंग्रजी सुरू झाल्यावर मात्र घरात वादळ उठलं. टोमणे, अबोला, मुद्दाम जास्तीचं काम. सून मडमीण होणार म्हणून घर धास्तावलं होतं.

यात रानडे काय करत होते? सगळं त्यांना कळत होतं. पण ते मोठ्यांना उलटून बोलले नाहीत. सोसायचं, उलट उत्तर द्यायचं नाही, अभ्यास मात्र सोडायचा नाही, हीच त्यांची शिकवण. सुधारणा नवऱ्याची आणि तिची किंमत चुकवायची बायकोने, दुपारच्या वेळी, तो घरात नसताना! त्याच वेळी दुर्गाताईंची बाजूही डोळ्यांपुढे येते. ही बाई विधवा, हुशार, घराचा सगळा कारभार तिच्या हातात. भावाने घरात पुस्तक आणलं ते वहिनीसाठी. तिने वहिनीचा दुस्वास केला हे खरं, पण तिचा जीव किती जळला असेल, तेही आपण बायकांनीच समजून घ्यायला हवं.

आणि मग बदली आली.

रानड्यांचं सार्वजनिक सभेतलं काम सरकारला खुपत होतं. पुण्यात त्यांच्याभोवती माणसं फार जमत होती. १८७८ मध्ये त्यांना नाशिकला पाठवलं. सरकारच्या लेखी ही त्यांना पुण्यापासून दूर करण्याची युक्ती. रमाबाईंसाठी मात्र एकत्र कुटुंबाचं दार पहिल्यांदाच किलकिलं झालं. सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा स्वतःचं घर चालवलं, खर्चाचा हिशोब लिहिला, बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. लोकांसमोर पहिल्यांदा उभं राहून बोलल्या त्याही नाशिकलाच.

पुढच्या वर्षी दिवस आणखी वाईट आले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, त्यात मे १८७९ मध्ये पुण्यात विश्रामबाग आणि बुधवार वाड्याला आग लागली. सरकारला रानड्यांचाही संशय! त्यांना थेट धुळ्याला हलवलं. तेव्हा धुळ्याला रेल्वेसुद्धा नव्हती. तिथे त्यांची येणारी टपाल फोडून पाहिली जात होती. नवरा सरकारचा न्यायाधीश आणि सरकारचीच त्याच्यावर नजर. त्या घरातल्या बाईची काय अवस्था झाली असेल? पण त्याच धुळ्यात ना फार ओळखीपाळखी, ना सभा, त्यामुळे रमाबाईंचा अभ्यास जोरात चालला.

१८८१ मध्ये मुंबई, मग परत पुणं. परत ते घर, त्याच बायका! १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला. आपल्या रमाबाई सभेला जायच्या आणि घरी आल्या की बोलणी खायच्या. फरक एवढाच, की आता त्या नाशिक-धुळ्याचं घर चालवून आलेल्या होत्या.

शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखाली रानड्यांना गावोगाव फिरतीचं काम आलं, तेव्हा बैलगाडीच्या प्रवासात रमाबाई बरोबर गेल्या. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाली आणि कलकत्त्याला बिऱ्हाड पडलं. तिथे रानडे दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडून बंगाली शिकत, म्हणजे बायकोला शिकवता येईल! एवढा मोठा न्यायाधीश तोंडाला साबण लावून मुळाक्षरांच्या अडचणी विचारतोय, हे बघून रमाबाईंना हसू आवरत नसे.

पुढे १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या, स्वतःचं मूल नाही. त्या पुण्याला परत आल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९१० मध्ये त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणींचं पुस्तक काढलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज त्यांनी त्यातही पाळला. रानड्यांसाठी त्या ‘स्वतः’ असा शब्द वापरतात. तीन भाषा शिकलेली बाई, पण नवऱ्याच्या नावापाशी येऊन थांबते! पहिल्यांदा वाचताना मी गडबडले होते, हे ‘स्वतः’ नक्की कोण म्हणून.

पुस्तकाच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं होतं. १९२४ मध्ये त्या गेल्या तोवर किती तरी मुली तिथे शिकून मास्तरीण, नर्स झाल्या होत्या. या कामाची सुरुवात रमाबाईंनी रानड्यांच्या पुण्यातल्या राहत्या जागेतच केली. दुपारी, घरची कामं आटोपून, बायका तिथे पाटी-पुस्तक घेऊन येऊ लागल्या. त्यात लहानपणीच विधवा झालेल्याही होत्या.