विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत अश्वशिक्षक व भारतीय सर्कशीचे जनक होत. त्यांचा जन्म इ.स. १८४० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला.

शिक्षण

गाणे आणि घोडे या दोन्हींची त्यांना ओढ होती. ग्वाल्हेरास त्यांनी अश्वविद्येचा अभ्यास केला आणि हद्दूखाँ यांच्याकडे ख्यालगायकीची तालीम घेतली. पुढे संस्थानी आश्रयाखाली चाबूकस्वार म्हणून त्यांनी लौकिक मिळविला.

अश्वशिक्षण

शर्यतीच्या घोड्याला वेग व दमसास यांसाठी तयार करतात. रिंगणातील घोड्याच्या बाबतीत मात्र चालीची समता निर्णायक ठरते. लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली यांच्यापासून रूढ झालेले सर्कशीचे रिंगण सुमारे ४२ फूट व्यासाचे असते. एवढ्या लहान वर्तुळात घोडा एकसारख्या गतीने दौडत राहिला, तरच त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला आतल्या बाजूस झुकून तोल सांभाळता येतो. चाल मध्येच बदलल्यास स्वार कोसळण्याचा धोका असतो. म्हणून घोड्याला प्रथम लांब दोरीवर वर्तुळात फिरवून त्याची चाल पक्की करतात. नंतर वाद्यांची व गर्दीची सवय लावतात. येथे चाबूक हे मुख्यतः इशाऱ्याचे साधन असते.

सर्कस

१८७९ मध्ये ज्युसेप्पे कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. भारतीयांना अशी सर्कस उभारण्यास अजून पुष्कळ काळ लागेल, असे मत कियारिनी यांनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. छत्रे यांनी ते आव्हान मानले व ‘ग्रेट इंडियन सर्कस’ स्थापन केली. २० मार्च १८८० हा तिच्या पहिल्या खेळाचा दिवस सामान्यतः मानला जातो. स्वतः छत्रे घोड्यांचे खेळ करीत. त्यांच्या पत्नीही कसरतींत भाग घेत.

वारसा

सर्कस केरळातील तलश्शेरी येथे गेली असता छत्रे यांची व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी भेट झाली. त्यांनी तयार केलेल्या कसरतपटूंमुळे केरळ हे पुढे भारतीय सर्कशीचे माहेरघर बनले. गुरुपुत्र रहिमतखाँ मनोविकल अवस्थेत भटकत असता छत्रे यांनी त्यांना आश्रय दिला आणि सर्कशीबरोबर ठेवून अनेक वर्षे सांभाळले. त्यामुळे ग्वाल्हेर घराण्यातील एक श्रेष्ठ गळा महाराष्ट्राला ऐकावयास मिळाला. विष्णुपंतांनंतर सर्कशीची धुरा काशिनाथपंत छत्रे यांनी वाहिली.