सोलापूरचे डॉक्टर ‘के दिहुआ’

मुंबई बंदरातून १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ जहाज चीनच्या दिशेने निघाले, तेव्हा त्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांपैकी चार जण परतले.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच आणि वडील गिरणीत नोकरीला. परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी सुरू होती. मुलगा डॉक्टर झाला की घराला हातभार लागेल, ही अपेक्षा त्या काळी कोणत्याही मध्यमवर्गीय घरात असे आणि ती गैर नव्हती.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले होते. आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि डॉक्टरांकडून अर्ज मागविण्यात आले. पथकाचे प्रमुख अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कोटणीस यांच्यापाशी असा कोणताच अनुभव नव्हता. चीनविषयीची त्यांची माहितीही बेताचीच होती. तरीही त्यांनी अर्ज केला.

कॅन्टन, हँकौ आणि इचांग असा प्रवास करीत, वाटेतल्या रुग्णालयांत काम करीत पथक चुंगकिंगला पोहोचले. तेथे कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. आई आणि भावंडे सोलापुरात होती, कर्ता पुरुष गेला होता. परत जाण्यास त्यांना कोणी अडविले नसते, उलट सर्वांनी ते स्वाभाविकच मानले असते. कोटणीस मात्र पथकाबरोबर पुढे गेले. या निर्णयाचे ओझे सोलापूरच्या घरानेही वाहिले, हे त्यांच्या गौरवाच्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला दाखल झाले. डोंगर पोखरून केलेल्या गुहांमध्ये राहणे, तेथेच रुग्णालय, कडाक्याची थंडी आणि जेवणात बाजरीसारख्या भरडधान्याची पेज. पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी परतले, तर अटल पुढल्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने निघाले. यात कमीपणाचे काही नव्हते. मदतपथके जातात आणि मुदत संपली की परत येतात, तशीच त्यांची रचना असते.

कोटणीस यांनी भाषेकडे विशेष लक्ष दिले. दुभाष्याच्या मदतीने शस्त्रक्रिया करता येते. पण जखमी माणसाला नेमके काय होते आहे, हे दुभाष्याकरवी पूर्ण कळत नाही. बोलण्यापुरती चिनी शिकून ते थांबले नाहीत. ते लिहू-वाचू लागले आणि पुढे विद्यार्थ्यांना चिनी भाषेतूनच शिकवू लागले. पाहुणा डॉक्टर आणि तेथला डॉक्टर यांतील अंतर त्यांनी प्रथम भाषेने पार केले.

जून १९४० मध्ये कोटणीस आणि बसू जपानी नाकेबंदीतून वाट काढीत उत्तर चीनमधील वुताई पर्वताच्या परिसरात, आघाडीवर पोहोचले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून याच भागात काम करीत असताना नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेली जखम चिघळल्याचे ते निमित्त. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. रुग्णालय म्हणजे भली मोठी इमारत नव्हे. गावकऱ्यांच्या घरांत खाटा, आणि जपानी फौज आली की सारे सामान बांधून डोंगरात. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा सलग ७२ तास ते झोपेविना शस्त्रक्रिया करीत होते.

येथेच त्यांची परिचारिका-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी ओळख झाली आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. दिवसा रुग्ण, रात्री शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन, असा क्रम होता. अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेगोंग गावात त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचे काम अर्धे राहिले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि हे नाव घरोघरी पोहोचले. चित्रपटाच्या शेवटी डॉक्टरांची पत्नी बाळाला घेऊन सासरी येते. प्रत्यक्षात छिंगलान यांनी आयुष्य चीनमध्येच काढले. नंतरच्या काळात त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये दालियान येथे त्यांचे निधन झाले. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. ते पूर्ण होण्याआधीच, १९६७ मध्ये तो गेला. वडिलांइतकेही आयुष्य त्याला लाभले नाही.

सोलापुरातील कोटणीस यांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. समाधी मात्र हबेई प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात, बेथून यांच्या समाधीच्या समोरच्या बाजूस आहे. एप्रिलमध्ये चिनी लोकांचा पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस येतो, तेव्हा तेथे फुले वाहिली जातात.