हेलीबरीचे प्राध्यापक माल्थस

लोकसंख्येवरील १७९८ च्या निबंधामुळे थॉमस रॉबर्ट माल्थस (१७६६–१८३४) हे नाव वाचकांस परिचित असेलच. आम्ही येथे त्यांच्या अध्यापनाकडे लक्ष वेधू इच्छितो. हिंदुस्थानात पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडात विद्यालय काढले. १८०९ पासून ते हेलीबरी येथे होते. १८०५ च्या नेमणुकीपासून अखेरपर्यंत माल्थस तेथे इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत. टाळूतील जन्मजात व्यंगामुळे त्यांचे उच्चार अस्पष्ट होत.

वर्गासाठी केलेल्या टिपणांतूनच जमिनीच्या खंडावरील त्यांची १८१५ ची पुस्तिका सिद्ध झाली. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च व भांडवलावरील नफा वजा जाता उरेल तो खंड, हा तिचा गाभा. हेलीबरीत शिकलेल्या प्रिंगल यांनी त्याच तत्त्वावर पुणे प्रांताची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असा सारा ठरविला. तत्त्व सुबक होते. परंतु प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न ठरविणे हाताखालच्या कारकुनांवर गेले, आणि ते कारकून आपल्याच देशाचे होते, हे आम्ही लपवीत नाही. मोजणी चुकली, त्यात धान्याचे भाव उतरलेले. इंदापूर तालुक्यातील रयत जमिनी टाकून निघून गेली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथील आकारणी नव्याने केली. माल्थस १८३४ च्या डिसेंबरातच निवर्तले होते.