खिशातला पिंगळा

आमच्या थोरल्या मावशीकडे गेल्या वर्षी एक मांजर आले. बॅटरीवर चालणारे. मावशीचे वय त्र्याऐंशी. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून तिचे जग एका पलंगाएवढे झाले. परदेशातल्या नातवाने हे मांजर पाठवले. पाठीवरून हात फिरवला की ते घुरघुरते, मान वळवते, डोळे मिटते. मावशीने त्याचे नाव मनी ठेवले आणि जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा त्याच्या अंगावर घातला.

मला रागच आला. जन्मभर चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात म्हातारपणी खेळणे द्यायचे, ही तिची फसवणूक आहे असे वाटले. माझी आई परिचारिका होती. तिच्या कपाटात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे शुश्रूषेवरचे 1859 सालचे छोटेखानी पुस्तक होते. खिडक्या, गटारे, चादरी आणि मृतांचे आकडे मोजणारी ही कडक बाई माझ्याच बाजूने असणार, अशा खात्रीने मी ते उघडले. निघाले भलतेच.

दिवा घेऊन फिरणारी बाई आपण शाळेच्या पुस्तकात पाहिली. तिच्या खिशातले घुबड मात्र आपल्याला कोणी दाखवले नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. घर श्रीमंत, वडील विद्याव्यासंगी. मुलीला ग्रीक, लॅटिन, गणित शिकवले. पण तिने रुग्णसेवा करायची म्हटल्यावर सारे घर हादरले. त्या काळी इंग्लंडात परिचारिकेचा धंदा खानदानी मुलीने करावा असा मानला जात नव्हता. चालून आलेले चांगले स्थळ तिने नाकारले, आईचा रोष ओढवला, आणि वर्षामागून वर्षे नुसती तगमगीत गेली. 1849 च्या अखेरीस कौटुंबिक स्नेह्यांबरोबर ती इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाला गेली, तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती आणि मनाने पार खचलेली होती.

1850 साली अथेन्सला, पार्थेनॉनच्या भग्न मंदिरापाशी, काही पोरे घुबडाच्या पिलाला छळताना तिला दिसली. तिने ते सोडवून घेतले. घुबडाची ही जात म्हणजे आपल्या पिंगळ्याचेच सख्खे भावंड. आपल्याकडे पिंगळा ओरडला की म्हातारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. तिने मात्र त्याला ग्रीकांच्या ज्ञानदेवतेचे नाव दिले, अथीना. ते पिलू तिच्या खिशात बसून इंग्लंडला आले. वाटेत तिने पाळलेला, प्लेटो नावाचा रातकिडा या अथीनाने गिळून टाकला. ज्ञानदेवतेने तत्त्वज्ञ खाल्ला!

पुढची चार वर्षे ते घुबड तिच्या खिशात, हातावर, खांद्यावर असे. याच काळात तिने जर्मनीत कैसर्सवर्थ येथे शिक्षण घेतले आणि 1853 मध्ये लंडनमधल्या एका लहान रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. मग ऑक्टोबर 1854 आला. क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी 38 परिचारिका घेऊन निघायचे ठरले. तयारीला मोजके दिवस. त्या धांदलीत अथीनाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. माळ्यावर ठेवलेला तो मुका जीव मरून गेला. तो इवलासा देह तिने हातात मागून घेतला आणि ती रडली. एरवी मनातले चेहऱ्यावर येऊ न देणारी बाई त्या धामधुमीत एका घुबडासाठी रडली, हे बहिणीने लिहून ठेवले आहे.

तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात तिने काय पाहिले, ते सर्वांना ठाऊक आहे. सैनिक जखमांनी मरत होते त्याहून कितीतरी अधिक रोगांनी मरत होते. 1855 साली ती स्वतःही तापाने मरता मरता वाचली. त्याच वर्षी बहिणीने अथीनाचे छोटे चरित्र हाताने लिहून, चित्रे काढून तयार केले. आजारपणात रानफुलांचा एक गुच्छ आला आणि तिथून आपली प्रकृती झपाट्याने सुधारली, असा स्वानुभव तिने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवला आहे.

1856 मध्ये ती परतली ती कीर्ती आणि मोडलेली प्रकृती घेऊन. पुढची कित्येक वर्षे बाई बहुतांशी खोलीत, पलंगावर होत्या. तिथूनच त्यांनी सैन्याच्या आरोग्याचे तक्ते मांडले, 1860 साली परिचारिकांची शाळा उभी राहिली. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण इथले पाणी, गटारे आणि दुष्काळ यांवर त्यांनी ढीगभर लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. आणि ही सारी कामे चालू असताना खोलीभर मांजरे हिंडत असत! एका बोक्याचे नाव बिस्मार्क. त्यांच्या काही कागदांवर शाईच्या डागांनी मांजरांच्या पावलांचे ठसे उठलेले आहेत. 13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

आता मला पुस्तकात जे सापडले ते सांगतो. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लहानसा पाळीव प्राणी हा उत्तम सोबती असतो, वर्षानुवर्षे एकाच खोलीत राहिलेल्याला कधीकधी पिंजऱ्यातला पक्षी हाच एकमेव आनंद असतो, असे बाईंनी स्वच्छ लिहिले आहे. त्याला जोडून एक बारीकशी सूचनाही आहे. रुग्णाला जमत असेल तर त्या प्राण्याला खाऊ घालणे, त्याची साफसफाई करणे हे त्याचे त्यालाच करू द्यावे.

या सूचनेपाशी मी थबकलो. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून खपून सीलच्या पांढऱ्या पिलासारखा ‘पारो’ नावाचा यंत्रमानव घडवला. वजन सुमारे पावणेतीन किलो, म्हणजे मांडीवर तान्हे मूल घेतल्यासारखे. कुत्रा-मांजर सर्वांच्या ओळखीचे, त्यामुळे नकलेतली उणीव चटकन कळते. सील कोणी पाळलेला नसतो, म्हणून तो निवडला. 2009 साली अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. स्मृती हरवलेल्या वृद्धांपैकी काहींची अस्वस्थता त्याने कमी होते. सर्वांची होतेच असे नाही. तो चावत नाही, त्याचे केस गळत नाहीत, तो माळ्यावर उपाशी मरत नाही. पण त्याला भरवावेही लागत नाही. रुग्ण नेहमी घेणाराच असतो. त्याच्याकडून काही हवे असणारा जीव त्याच्याजवळ असावा, हे बाईंना खिशातल्या घुबडाने शिकवले असावे.

पुढच्या रविवारी मी मावशीकडे गेलो. मांजर हे खेळणे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिने मलाच विचारले, तू पन्नाशी उलटल्यावर आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून झोपतोस, ती काय तुझी आजी आहे? मला उत्तर नव्हते. मांजर नको असेल तर तू रोज येत जा, असेही ती सहज म्हणून गेली. त्या आधी मी तिच्याकडे अडीच महिने फिरकलो नव्हतो, आणि फसवणुकीची भाषा मी करत होतो.

आम्ही पलंग खिडकीशी सरकवला. कठड्यावर एक पसरट मातीची परळ ठेवली. मावशी रोज सकाळी थरथरत्या हाताने तीत तांदळाच्या कण्या टाकते आणि चिमण्या उशिरा आल्या तर काळजी करते. मनी तिच्या कुशीतच असते. मी दर रविवारी जातो. कण्या संपल्या का, ते आधी बघतो.